ग्वाल्हेरचे सिटी सेंटर

'अकरावी-बारावी कुठे केलीस?' या प्रश्नाला मी 'ग्वाल्हेरला' असे उत्तर दिले की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'राजवाडा पाहिलास का?' हा पहिला, आणि 'तिकडे डाकू असतात ना गं?' हा दुसरा. राजवाडा पाहिला. डाकू पाहिले नाहीत. चंबळच्या घळी तेवढ्या पाहिल्या, त्याही ग्वाल्हेर सोडून आग्र्याकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून. पण दोन वर्षे एखाद्या गावी राहिलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे याहून बरेच काही असते. कोपऱ्यावरचा दूधवाला, नळाला पाणी येण्याची वेळ, गल्लीचे नाव असे का पडले, या गोष्टी प्रवाशाला कळत नाहीत. म्हणून हा लेख.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. २०२२ च्या जूनमध्ये त्यांची ग्वाल्हेरला बदली झाली आणि आम्ही बेळगावहून गोवा एक्सप्रेसने निघालो. गाडी बदलावी लागत नाही, हे त्या प्रवासाचे एक सुख. मिरज, पुणे, भोपाळ, झाशी करीत दुसऱ्या रात्री उशिरा ग्वाल्हेर येते. उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि तरीही फलाटावरचा वारा भट्टीसमोर उभे राहिल्यासारखा लागत होता. मे-जूनमध्ये तिथे पारा ४५ च्या पुढे सहज जातो. त्या वाऱ्याला 'लू' म्हणतात आणि दुपारी बारा ते चार माणसे घराबाहेर पडत नाहीत. याच गावी जानेवारीत धुक्याने शाळा बंद ठेवतात, हे मला त्या रात्री कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

आम्ही घर घेतले ते सिटी सेंटर या वस्तीत. नाव इंग्रजी, भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हेच म्हणतात, दुसरे नाव नाही. नावाप्रमाणे ते शहराचे केंद्र असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ग्वाल्हेरचे जुने केंद्र, म्हणजे महाराज बाडा, तिथून चार-पाच किलोमीटर दूर. सिटी सेंटर ही अलीकडे आखून वसवलेली वस्ती. रुंद सरळ रस्ते, बँका, सरकारी कचेऱ्या, दवाखाने, शिकवणीवर्गांचे फलक आणि मधूनमधून उंच इमारती. पूर्वी ही महलगाव नावाच्या गावाची जमीन होती. पत्त्यात अजून महलगाव लिहितात, आणि महलगावची करौली माता आपल्या जुन्या जागी आहे. नवरात्रात तिच्या देवळाकडे लोटणारी गर्दी पाहिली की नव्या वस्तीच्या खाली जुने गाव आहे याची आठवण होते. जिवाजी विद्यापीठ इथून जवळ. ते १९६४ साली स्थापन झाले.

या शहरात सरकारी कचेऱ्या इतक्या का, हे वडिलांना त्यांच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात कुणीतरी समजावून सांगितले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ग्वाल्हेर, इंदूर व आसपासची संस्थाने एकत्र करून मध्यभारत नावाचे राज्य केले. त्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर. ग्वाल्हेरचा उन्हाळा एकदा सोसला की ही वाटणी कशी झाली असेल ते वेगळे सांगावे लागत नाही! पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला राज्याच्या काही मोठ्या कचेऱ्या आल्या. महालेखापालांची कचेरी त्यातलीच. तिच्यावरून 'एजी ऑफिसचा पूल' हे ठिकाण रिक्षावाल्याच्या तोंडी बसले आहे. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख बेळगावकरांना निराळी सांगायला नको. तिकडे मात्र ती उच्चारली तर लोक राजधानी गेल्याची हळहळ व्यक्त करतात, दुसरे काही नाही.

सोयींबद्दल सांगायचे तर सिटी सेंटरमध्ये पायी दहा मिनिटांत सगळे मिळते, फक्त आम्हाला हवे ते सोडून. आमसुले नाहीत, जाड पोहे मिळतात पण पातळ शोधावे लागतात, ज्वारीचे पीठ म्हटले की दुकानदार बाजरीचे दाखवतो. चंबळच्या बाजूला बाजरी भरपूर आणि मोहरी त्याहून भरपूर. शेजारपाजारच्या स्वयंपाकघरांतून मोहरीच्या तेलाचा जो वास येतो तो पहिले दोन महिने डोक्यात जातो आणि नंतर सुटला की चुकल्याचुकल्यासारखे वाटते. सकाळी कचोरी आणि बेडई, हिवाळ्यात तीळगुळाची गजक. आमच्याकडून जाणारा कुंदा तिकडे सर्वांना आवडला, मात्र त्याला ते 'बेलगाम का मावा' म्हणत आणि आईला ते रुचत नसे.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिचा धागा आपल्या दोन्ही भाषांपर्यंत येतो. ग्वाल्हेरला पाणी तिघरा धरणाचे. सांक नदीवरचे हे धरण शहराच्या पश्चिमेला आहे आणि ते १९१६ साली, माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत पुरे झाले. पाणी ठराविक पातळीवर चढले की आपोआप उघडणारी दारे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना योजली होती आणि ती १९०३ साली प्रथम पुण्याजवळ खडकवासल्याला बसवली. तशीच दारे तिघऱ्याला आणि पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागराला आली. म्हणजे कन्नड इंजिनिअरची कल्पना, पुण्याला पहिला प्रयोग, आणि पाणी प्यायले ग्वाल्हेरने. परंतु धरण पुरे झाल्यावर वर्षभरातच, १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते फुटले. दोष दारांचा नव्हता. पाया वालुकाश्माचा होता, त्यात पाणी मुरले आणि भिंतीचा भाग सरकला. पुष्कळ माणसे वाहून गेली. पुढे ते पुन्हा बांधले आणि शंभर वर्षांनंतरही शहर त्याच्यावरच तहान भागवते. ७४० फूट ही त्याची पूर्ण पातळी. पावसाळ्यात रोजच्या वर्तमानपत्रात तिघऱ्याचा आकडा छापून येतो आणि आपल्याकडे क्रिकेटचा धावफलक वाचावा तसा तो मोठ्याने वाचला जातो. पाऊस कमी झाला की पाणी एक दिवसाआड. आमच्या गच्चीवर दोन काळ्या टाक्या होत्या, त्या का होत्या ते पहिल्या उन्हाळ्यात कळले.

तो आकडा मोठ्याने वाचणाऱ्या आमच्या घरमालकीणबाई. आम्ही वरच्या मजल्यावर, त्या, त्यांचे चिरंजीव आणि कुटुंब खालच्या. त्यांना सगळे 'आजी' म्हणत, म्हणून मीही आजी म्हणू लागले. घर पाहायला गेलो त्या दिवशी आई-वडील आपसांत भाड्याबद्दल मराठीत कुजबुजत होते. आजी खुर्चीवर बसून ऐकत होत्या. आमचे बोलणे पुरे होऊ देऊन त्या म्हणाल्या, "अहो, पाचशे कमी करू की. त्यात काय एवढं!" वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आजींच्या मराठीने मला प्रथम हसू येई. त्या 'जेवण बनवते' म्हणत, 'मला ठंडी वाजते' म्हणत, 'नहाऊन आले' म्हणत. पण त्याच बोलण्यात मधूनच एखादा असा शब्द येई की तो मी फक्त पणजीच्या तोंडी ऐकलेला. त्यांचे सासर मूळचे साताऱ्याकडचे, आणि सासरची माणसे दौलतराव शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेली, असे त्या सांगत. स्वतः त्या सातारा एकदाच, तेही लग्नानंतर कुलदैवताला जाताना, पाहून आल्या होत्या.

आता लष्कराविषयी. ग्वाल्हेर हे एक शहर म्हटले तरी ती तीन गावे आहेत. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, पूर्वेला इंग्रजांच्या छावणीचे मुरार, आणि दक्षिणेला लष्कर. शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कण्हेरखेड. राणोजींनी आणि नंतर महादजींनी त्यांची सत्ता उत्तरेत वाढवली. त्यांची जुनी राजधानी उज्जैन. १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, आणि तो तळ उठलाच नाही. राहुट्यांची घरे झाली, घरांचे वाडे झाले, आणि गावाचे नाव मात्र लष्करच राहिले. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई या कागलच्या घाटग्यांच्या. निपाणीहून कोल्हापूरला जाताना एस.टी. जिथे थांबते तेच हे कागल. दौलतराव १८२७ साली वारले, त्यानंतर १८३३ पर्यंत या बाईंनी कारभार पाहिला. आपल्या शेजारच्या गावची मुलगी इतक्या दूर जाऊन एवढे राज्य चालवून गेली, हे मला ग्वाल्हेरला जाईपर्यंत कुणी सांगितले नव्हते.

तळाच्या खुणा लष्करातल्या नावांत जशाच्या तशा आहेत. आजींबरोबर बाजारात जाताना मी त्या वेचू लागले. 'शिंदे की छावनी' तर उघडच आहे. 'चिटनीस की गोठ', 'बक्षी की गोठ' यातली 'गोठ' म्हणजे आपला 'गोट', फौजेचा मुक्काम. 'आपटे की पायगा' म्हणजे पागा. 'जिन्सी नाला' म्हणताना तिथल्या मुलांना जिन्सी म्हणजे तोफखाना हे ठाऊक नसते. 'कंपू' हा कॅम्पच, बेळगावात आपण ज्याला कॅम्प म्हणतो त्याचा सख्खा भाऊ. आणि 'महाराज बाडा' हा वाडा. तिथल्या चौकात टाऊन हॉल, पोस्ट, बाजार अशा निरनिराळ्या धाटणीच्या इमारती गोलाकार उभ्या आहेत आणि त्यांच्या भोवती चपलांपासून चांदीपर्यंत सर्व काही विकणारी गर्दी. आपल्या खडेबाजाराची सवय असलेल्या माणसालाही तिथे दम लागतो.

राजवाडा मात्र मी सांगितला पाहिजे, नाहीतर मैत्रिणी रागावतील. जयविलास १८७४ साली जयाजीरावांनी बांधला. आराखडा मायकेल फिलोस याचा. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रचंड आहेत आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहायला वर हत्ती चढवले होते, असे तिथला प्रत्येक माणूस सांगतो. जेवणाच्या मेजावर पदार्थ फिरवणारी चांदीची आगगाडी आहे. मला स्वतःला खरी छोटी गाडी पाहायची होती, ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी १९९ किलोमीटरची, दोन फूट रुंदीच्या रुळांची. शहरातून रस्ते ओलांडीत ती जात असे. २०२० साली ती बंद झाली, आणि मी पोहोचले तेव्हा रूळच तेवढे होते.

किल्ल्यावर बहुतेक लोक मानसिंह तोमराचा महाल पाहतात. माझे म्हणणे असे की चढणीच्या वाटेवर दगडात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे लहानसे देऊळ चुकवू नये. तिथल्या ८७६ सालच्या शिलालेखात देवाच्या फुलबागेचे माप २७० हात लांब आणि १८७ हात रुंद असे दिले आहे, आणि रोजच्या ५० हारांची सोय लिहिली आहे. त्या २७० मधले आणि ५० मधले शून्य आपण आज काढतो तसेच, बारीक वर्तुळ. दगडावर इतके जुने शून्य फार थोड्या ठिकाणी आहे. गणितात मला कधी बरे गुण पडले नाहीत, तरी मी तिथे पाऊण तास उभी होते.

इतिहासाच्या एका पानावर ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची थोडी अडचण होते. जून १८५८ मध्ये झाशीची राणी आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतले, कारण शिंद्यांची फौज त्यांना मिळाली. जयाजीराव मात्र इंग्रजांच्या बाजूचे. ते आग्र्याला निघून गेले. त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरलाच लढताना पडली. फुलबागेजवळ तिची समाधी आहे. जवळून वाहणारी सुवर्णरेखा हा तिचा घोडा ओलांडू शकला नाही असे सांगतात तो नाला. आज तो सिमेंटच्या भिंतींत कोंडलेला आहे आणि त्याच्या नावाशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. राणीही आपली आणि शिंदेही आपले. आजींना मी एकदा धीर करून विचारले. त्या म्हणाल्या, "समाधीला फुलं वाहायची आणि दसऱ्याला मांढऱ्याच्या मातेला जायचं. आम्ही दोन्ही करत आलो." मांढरे की माता हे कंपूच्या टेकडीवरचे देऊळ. दसऱ्याला शिंदे घराण्याचे शमीपूजन तिथे होते.

संगीताबद्दल लिहायचे तर वेगळा लेख लागेल. तानसेनाची कबर जुन्या ग्वाल्हेरात, महंमद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी आहे, आणि डिसेंबरातल्या तानसेन समारोहाची सुरुवात सनई, ढोलीबुवा मठाच्या महाराजांचे हरिकीर्तन आणि मिलाद यांनी होते. मला सांगायचे आहे ते एवढेच की ग्वाल्हेरचे गाणे आपल्या दारात आले ते पायी. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा उत्तरेत गेले, वासुदेवबुवा जोशांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि ती घेऊन परत आले. मिरजेत त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. बाळकृष्णबुवांचेच दुसरे शिष्य नीलकंठबुवा अलूरमठ, आणि त्यांच्याकडे धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांनी धडे घेतले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर ठरवले तेव्हा आमच्या वर्गात बाईंनी विचारले, 'ग्वालियर घराने के कोई गायक बताओ.' मी मन्सूरांच्या गुरूंचे नाव सांगितले. बाईंना ते ठाऊक नव्हते, आणि मला उगीचच मोठे झाल्यासारखे वाटले.

असो. आजींकडे वळते, कारण मूळ गोष्ट तिथेच राहिली आहे.

त्यांचा वाडा लष्करात होता. दोन चौकांचा, मधल्या चौकात दगडी तुळशीवृंदावन. मागची बाजू पडलेली, पुढच्या बाजूला जुने भाडेकरू. चार भावंडांच्या वाट्याचा, आणि चौघांपैकी तीन ग्वाल्हेरबाहेर. २०२३ च्या हिवाळ्यात तो विकायचे ठरले. आजींची एक अट होती. माजघरातल्या लाकडी पेटीत जुने कागद होते, ते वाचल्याशिवाय सही करणार नाही. कागद मोडीत होते आणि घरात कुणालाच मोडी येत नव्हती. चिरंजीवांना तर देवनागरी मराठीही अडखळत वाचता येई. त्यांची पिढी हिंदीत शिकली, नातवंडे इंग्रजीत. घरात पिढ्यान् पिढ्या समजूत अशी की पेटीत महाराजांनी दिलेली जमिनीची सनद आहे.

मी फोनवर त्या कागदांची छायाचित्रे काढली आणि बेळगावला आजोबांना पाठवली. आजोबांच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात. त्यांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत खालच्या मजल्यावर फारसे कुणी कुणाशी बोलत नव्हते. विकत घेणारा रोज फोन करी. चिरंजीव मला जिन्यात गाठून विचारीत, "आया क्या?"

उत्तर आले ते असे. बहुतेक कागद घोड्यांच्या दाणा-वैरणीचे आणि नालबंदीचे हिशेब. दोन कागद उसनवारीचे. एक पत्र देशावरून आलेले, मुलीच्या लग्नाचे, आणि त्यात पावसाने उशीर झाला, थोरल्यांनी अवश्य यावे, असा मजकूर. सनद नव्हती. मी ते सारे मराठीत वहीवर लिहून आजींना वाचून दाखवले. नालबंदीचा हिशेब त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग विचारले, "घोडे किती होते?" हिशेबात सात निघाले. "आमच्या सासूबाई तर चाळीस सांगायच्या," त्या म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

मला त्या वेळी फार अपराधी वाटले. सनद नव्हती हे मी वाचून दाखवले नसते तर वाडा टिकला असता असे नाही. मागची भिंत त्या पावसाळ्यात पडलीच असती. तरीही. आपल्याकडे भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात, आणि ते काही वेळा बरोबरही असते. ग्वाल्हेरला आवाज कुणीच चढवला नाही. राजकवी भा. रा. तांबे ज्या गावी राहिले आणि १९४१ साली वारले, त्या गावी मराठी कुणी बंद केली नाही. दरबार गेला, कचेरी हिंदीत झाली, शाळा हिंदीत, मग इंग्रजीत, आणि मराठी आधी चौकातून माजघरात आणि मग देवघरात गेली. आपल्या मासिकाचे दोन विभाग एका पुठ्ठ्यात आहेत, त्यातला कन्नड विभाग मला वाचता येतो याचा मला आता पूर्वीपेक्षा अधिक आनंद वाटतो. आजींच्या नातवाला मी त्यानंतर रोज संध्याकाळी अर्धा तास मराठी शिकवू लागले. 'ळ' त्याला शेवटपर्यंत जमला नाही. पण 'तिघऱ्याचं पाणी' हे शब्द त्याने पाटीवर नीट लिहिले.

वृंदावन दगडी असल्याने हलवता आले नाही. आजींनी त्यातली माती एका रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून सिटी सेंटरला आणली आणि आमच्या गच्चीवर, टाक्यांच्या शेजारी, तुळस लावली. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येई तेव्हा भांडी घासायच्या आधी तिला तांब्या मिळे.

२०२४ च्या जूनमध्ये वडिलांची पुन्हा इकडे बदली झाली. पावसाळ्यात आजींचा फोन येतो. बेळगावचा पाऊस किती झाला हे आधी विचारतात, आणि आपल्याकडचा आकडा ऐकून दर वेळी "बाई गं!" म्हणतात. मागच्या वेळी तिघरा ७३८ फुटांवर होते. दारे उघडली की कळवते, म्हणाल्या.